ताकद तीच, वजन पाव : चेनसॉवाले आंद्रेयास श्टील

वळवाचा पाऊस सुरू झाला की आपल्या जिल्ह्यात झाडे पडायला लागतात. कुठे बांधावरची जुनी बाभूळ कांद्याच्या चाळीवर येते, कुठे रस्त्याकडेची चिंच आडवी होऊन एस.टी. अडते. मग ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील सगळे एकच विचारतात, की चेनसॉ कोणाकडे आहे? पाऊस ओसरला की दुसरा प्रश्न येतो, की आपणच एक घ्यावी म्हणतो, तर कोणती घ्यावी? बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. दुकानात सगळ्यात जास्त सीसीची आणि सगळ्यात लांब पात्याची जी असेल ती.

इथेच पैसे वाया जातात, आणि कधी कधी पायही जातो. म्हणून कोणती घ्यावी हे सांगण्याआधी एका माणसाची हकिकत सांगतो. आपल्याकडे दुकानदार ज्या कंपनीला स्टिल म्हणतात, ते मूळ आडनाव आहे श्टील. आंद्रेयास श्टील नावाच्या यंत्र अभियंत्याचे ते नाव. या माणसाचे निम्मे आयुष्य एकाच खटपटीत गेले. ती खटपट समजली की दुकानात काय विचारायचे तेही समजते.

करवत झाडाकडे नेऊ

श्टील यांचा जन्म १० नोव्हेंबर १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात झाला, पण त्यांची हयात गेली जर्मनीत. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. युद्धानंतर त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण पुरे केले आणि १९२६ साली श्टुटगार्ट शहरात छोटा कारखाना टाकला. सुरुवातीला माल होता वाफेच्या बॉयलरला लागणाऱ्या उपकरणांचा. धंद्यानिमित्त लाकडाच्या गिरण्यांशी संबंध येई, आणि जंगलातली तोड कशी चालते ते डोळ्यांनी दिसे.

ती तोड आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. एक कुऱ्हाड, एक लांब आडवी करवत आणि तिच्या दोन टोकांना दोन माणसे. एकाने ओढायची, दुसऱ्याने सोडायची. सागाचे एक जाड खोड पाडायला आणि त्याचे तुकडे करायला दिवस मोडायचा. युरोपातल्या जंगलात ओक आणि बीचच्या झाडांपाशी तोच प्रकार चालू होता. गिरणीत यंत्राची करवत होती, पण झाड गिरणीपर्यंत आणायचे म्हणजे आधी ते हातानेच कापावे लागे. श्टील यांनी विचार उलटा केला. झाड करवतीकडे आणण्यापेक्षा यंत्राची करवतच झाडाकडे न्यावी.

दात असलेल्या साखळीने कापायची कल्पना काही त्यांची नव्हे. युरोपातल्या शस्त्रवैद्यांनी हाड कापायला अशी हातातली छोटी साखळी शंभर-सव्वाशे वर्षे आधीच वापरली होती. श्टील यांच्याच काळात जर्मनीत एमिल लेर्प यांनीही १९२७ साली पेट्रोलवर चालणारी चेनसॉ आणली. त्यांनी ती डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि कंपनीलाही तेच नाव दिले. तेव्हा एकट्या श्टील यांनी चेनसॉ शोधली असे म्हणणे बरोबर नाही. त्यांचे खरे काम पुढे आहे.

युरियाच्या गोणीएवढे यंत्र

१९२६ साली श्टील यांनी केलेले पहिले यंत्र विजेवर चालणारे होते. ते दोन माणसांनी धरायचे आणि जिथे वीज तिथेच चालवायचे. जंगलात वीज कुठून येणार? म्हणून १९२९ साली त्यांनी पेट्रोल इंजिनावरचे झाड पाडायचे यंत्र काढले. त्याची ताकद होती ६ अश्वशक्ती आणि वजन ४६ किलो. युरियाची गोणी आज ४५ किलोची येते, तेव्हा अंदाज करा. ती गोणी दोघांनी दोन बाजूंनी धरायची, गोणी थरथरते आहे, धूर सोडते आहे, आणि उतारावर उभे राहून तिने खोड कापायचे.

यंत्र चालले. हातकरवतीच्या मानाने वेळ कितीतरी वाचला. परदेशातही माल जाऊ लागला. पण दोन अडचणी राहिल्याच होत्या. पहिली वजनाची. दुसरी कार्बोरेटरची. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखायला तरंगणारा फ्लोट असायचा, तसा जुन्या मोटारसायकलला असतो. यंत्र आडवे केले की पेट्रोलचा पुरवठा बिघडून इंजिन बंद पडे. झाड पाडताना मात्र पाते आडवेच धरावे लागते. मग इंजिन सरळ आणि पाते तिरके अशा नाना कसरती कराव्या लागत.

काळा काळ

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर श्टील नाझी पक्षाचे सभासद झाले, आणि एसएस या कुप्रसिद्ध संघटनेचेही. युद्धात बॉम्बहल्ल्यांनी त्यांच्या कारखान्याचे मोठे नुकसान झाले आणि उत्पादन जवळच्या वायब्लिंगेन गावाच्या परिसरात हलवावे लागले. १९४५ साली जर्मनी हरल्यावर विजेत्या राष्ट्रांनी त्यांना स्थानबद्ध केले. ते १९४८ साली सुटले. हुशार कारागीर म्हणून माणसाचे सगळेच गोड मानावे असे नाही. यंत्राचा गुण यंत्राच्या खात्यावर, माणसाचा दोष माणसाच्या खात्यावर लिहावा.

युद्धानंतर त्यांच्या कारखान्याने काही वर्षे लहान डिझेल ट्रॅक्टरही काढले. पण मन राहिले ते करवतीतच.

चौतीस किलो कुठे गेले?

१९५० साली श्टील यांची एका माणसाने चालवायची पेट्रोल चेनसॉ आली. वजन १६ किलो. आपला पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की तेवढे वजन नुसत्या पाण्याचेच होते. दोन माणसांचे काम एकाच्या हातात आले. १९५९ साली आली काँट्रा नावाची करवत. तिचे वजन १२ किलो, आणि ताकद ६ अश्वशक्ती.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. १९२९ साली ६ अश्वशक्ती आणि ४६ किलो. १९५९ साली ६ अश्वशक्ती आणि १२ किलो. तीस वर्षे राबून या माणसाने ताकद वाढवली नाही. तीच ताकद पाव वजनात बसवली. इंजिन आणि साखळी यांच्यामधली गिअरपेटी काढून साखळी सरळ इंजिनाला जोडली. फ्लोटऐवजी पातळ पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर बसवला, त्यामुळे करवत आडवी धरा, उलटी धरा, इंजिन चालूच राहते. काँट्रा अमेरिका-कॅनडापर्यंत खपली. १९७१ पर्यंत त्यांची कंपनी चेनसॉच्या धंद्यात जगात पहिली झाली. तिची भारतातली कचेरी पुण्यात आहे.

साखळीच्या दातांचे श्रेय मात्र दुसऱ्याचे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ च्या सुमारास त्याने लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. आपल्या आंब्याच्या खोडातली जी भिरुड, तिच्याच कुळातली ही अळी. ती जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लाकूड सोलत पुढे जात होती. कॉक्सने तसेच डावे-उजवे दात साखळीला केले. आज आपल्या हातातल्या प्रत्येक साखळीवर एक दात डावा आणि एक उजवा असतो, तो त्या अळीचा धडा. पुढे जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या साखळ्या याच धर्तीच्या झाल्या.

श्टील यांच्या अखेरच्या वर्षांत कामगाराच्या शरीराकडे लक्ष गेले. तासन्तास थरथर सोसून बोटे बधिर आणि पांढरी पडतात हे दिसून आले, म्हणून १९६० नंतर मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी गाद्या आल्या. १९७० च्या दशकात चेन ब्रेक रुळला. १४ जानेवारी १९७३ रोजी श्टील वारले. वय ७६. धंदा मुलगा हान्स पेटर आणि मुलगी एव्हा यांनी पुढे चालवला.

मग आपण कोणती घ्यावी?

आता आपल्या बांधावर येऊ. खरेदीला जाताना आधी टेप घेऊन झाडाकडे जा. जिथे कापायचे तिथला घेर मोजा आणि त्याला तीनने भागा. आली ती खोडाची साधारण जाडी. तीन फूट घेर म्हणजे सुमारे १२ इंच जाडी. त्याला १६ इंची पाते आणि ४० ते ५० सीसीचे इंजिन पुरते. पाच फूट घेराची बाभूळ किंवा कडुनिंब म्हणजे १९-२० इंच जाडी. तिला २० इंची पाते आणि ६० ते ७० सीसी हवे. आठ फुटी चिंचेला तिच्या जाडीएवढे पाते लागतेच असे नाही. २० ते २५ इंची पात्याने दोन्ही बाजूंनी कापता येते, पण इंजिन ७० सीसीच्या वरचे आणि माणूस मुरलेला पाहिजे.

नुसत्या सीसीवर जाऊ नका. सीसी म्हणजे सिलिंडरचे माप, ताकद नव्हे. दुकानदाराला किलोवॅट विचारा आणि लगेच वजन विचारा. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ अश्वशक्ती. दोन करवतींची ताकद सारखी असेल तर हलकी घ्या. जिच्यावर दोन्हींपैकी एकही आकडा छापलेला नाही ती घेऊच नका. मी फिरतो त्या भागात एका शेतकऱ्याने स्वस्तात मोठ्या सीसीची करवत आणली, तिला २२ इंची पाते होते. वाळलेल्या बाभळीत पाते पूर्ण गेले की इंजिन दम सोडायचे. जोर करून दाबताना करवत उसळली आणि मांडीला लागली. सुदैवाने शीर वाचली. लहान इंजिनाला लांब पाते म्हणजे लहान बैलाला मोठा नांगर जुंपण्यासारखे आहे.

ही उसळी कशी येते ते समजून घ्या. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी अडते आणि सगळी ताकद करवतीला उलटी आपल्याच अंगावर फेकते. म्हणून टोकाने कापायचे नाही, खांद्याच्या वर करवत न्यायची नाही आणि डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट आवळायचा. चेन ब्रेक नसलेली करवत फुकट मिळाली तरी नको. दुकानातच ब्रेक लावून दाखवायला सांगा. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर बंद, जाड बूट आणि करवतीपासून पाय वाचवणारी खास विजार यांचे पैसे करवतीच्या किमतीतच धरा.

आपल्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, वाळलेली बाभूळ आणि चिंच तर दगडासारख्या. दात लवकर बोथट होतात. म्हणून अणकुचीदार दातांपेक्षा गोलसर कोपऱ्याच्या दातांची साखळी आपल्याला बरी, धार जास्त टिकते. टाकी दोन वेळा भरली की कानस फिरवा. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की धार गेली समजा. चांगली धार असलेली ५० सीसीची करवत बोथट ७० सीसीच्या पुढे जाते. पेट्रोलमध्ये चांगले टू-स्ट्रोक ऑईल बहुतेक करवतींना लिटरला २० मिली लागते. तरी सोबतचे पुस्तक बघा. साखळीचे ऑईल वेगळे, त्याची टाकी कोरडी पडू देऊ नका. कंपनी श्टील, हुस्क्वर्ना की आणखी कोणती, हा वाद चावडीवर चालू द्या. तालुक्याच्या गावी सुटे भाग आणि मिस्त्री मिळतो का, हे पहिले बघा.

ग्रामपंचायतींनाही एक सांगणे. आपत्तीसाठी करवत घेतली तर ती कपाटात ठेवून गंजवू नका. दोघा तरुणांना शिकवा, महिन्यातून एकदा चालवा आणि पेट्रोल जुने होऊ देऊ नका.

शेवटचे म्हणजे परवानगी. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ नुसार साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि सागाचे लाकूड हलवायला वाहतूक परवानाही लागतो. पूर्वी करवतीने झाड पाडायला दिवस लागे, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळायचा. आता तोच साग पाच-दहा मिनिटांत आडवा होतो, वाढायला मात्र पन्नास-साठ वर्षेच घेतो. श्टील यांनी करवतीचे वजन पाव केले. झाड तोडायच्या निर्णयाचे वजन मात्र तेवढेच राहिले आहे. तो घरी बसून, कागद हातात घेऊन करावा आणि मगच करवतीची दोरी ओढावी.