मार्लवाईचा पाहुणा : हायमेनडॉर्फ साहेबांचे जीवन



दर जानेवारीत मार्लवाई गावात गोंड बांधव दोन समाध्यांपाशी जमतात. एक समाधी एका इंग्रज बाईंची आहे आणि शेजारची त्यांच्या यजमानांची. यजमान मूळचे ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरचे, सरदार घराण्यातले. जैनूर मंडलातले हे गाव २०१६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे. मंडळातल्या ज्येष्ठांना हायमेनडॉर्फ हे नाव ऐकून तरी माहीत आहे. आपली मुले, नातवंडे मात्र आता हैदराबाद, पुणे आणि काही तर अमेरिका-जर्मनीला आहेत. तिकडे निघताना ती त्या देशाच्या रीती वाचून जातात. काटा कोणत्या हातात धरायचा, वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची की नाही, कोणी घरी बोलावले तर काय घेऊन जायचे, हे सगळे त्यांना पाठ असते. ते योग्यच आहे. पण देशोदेशीच्या रीती शिकण्यात ज्याने आयुष्य घालवले, असा माणूस आपल्या दारात येऊन राहिला होता हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी व्हिएन्ना येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना पहिले महायुद्ध संपले आणि ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले, पण जुन्या घरांतले रीतिरिवाज लगेच मोडत नाहीत. कोणाला कोणत्या पदवीने संबोधायचे, मानाच्या स्त्रीला हाताचे चुंबन घेऊन कसे अभिवादन करायचे, जेवणाच्या टेबलावर कोणी कोठे बसायचे, अशा शिस्तीत तिथली मुले वाढत. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्र घेतले आणि १९३१ साली डॉक्टरेट मिळवली. विषय होता आसाम आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या डोंगरी जमातींची समाजरचना. हा प्रबंध त्यांनी त्या डोंगरांत पाऊलही न टाकता, ग्रंथांच्या आधारे लिहिला होता.

पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. तिथे मालिनोव्स्की हे या शास्त्रातले मोठे गुरू होते. लोकांविषयी लिहायचे तर त्यांच्यात जाऊन राहा, त्यांची भाषा शिका, असा त्यांचा आग्रह असे. हा धडा घेऊन १९३६ मध्ये हायमेनडॉर्फ नागा टेकड्यांत आले आणि वाकचिंग या गावी कोन्याक नागांच्या शेजारी राहिले.

तिथे त्यांना पहिली गोष्ट कळली ती अशी, की एका जमातीचीसुद्धा एक रीत नसते. कोन्याकांचे दोन गट होते. थेन्डू गटाच्या गावांत अंग म्हणजे राजाचा दरारा मोठा, त्याच्यापुढे सामान्य माणसाने नमूनच राहायचे. काही मैलांवरच्या थेन्कोह गटाच्या गावात मात्र राजाचा तसा रुबाब नाही, गावकरी मोकळेपणाने आपले म्हणणे मांडत. एका गावात शिकलेला शिष्टाचार पुढच्या गावात चालेलच असे नाही, हे आपल्यालाही नांदेडहून आदिलाबादला सून आणताना कळते, तेच त्यांना तिथे कळले. या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक १९३९ साली आले आणि युरोपात बरेच वाचले गेले.

१९३८ साली त्यांचा एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज मुलीशी विवाह झाला. त्यांना सगळे बेट्टी म्हणत. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्या बहुतेक प्रत्येक मुक्कामात सोबत राहिल्या. टिपणे ठेवणे, बायकांशी बोलणे, पुस्तके लिहिणे या सगळ्यात त्यांचा वाटा आहे.

१९३९ मध्ये हे जोडपे पुन्हा हिंदुस्थानात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यामुळे साहेबांचा पासपोर्ट जर्मन होता. इंग्रज सरकारच्या दप्तरी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली, बाहेर जाण्याची नाही. ज्या कैदेला दुसरा कोणी दैवाला दोष देत बसला असता, तिचा उपयोग त्यांनी कामासाठी केला. आधी नल्लमलाच्या जंगलात कंदमुळे आणि शिकारीवर जगणाऱ्या चेंचू लोकांत राहिले, नंतर गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींत. आणि १९४१ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात आले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. गोंड असे का उठले, याचे उत्तर सरकारलाही हवे होते. राखीव जंगलाच्या नावाखाली गावेच्या गावे उठवली जात होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद गोंडांकडे नव्हता, आणि ज्यांना कागद करता येत होता अशा बाहेरच्या लोकांकडे ती जमीन जात होती. हायमेनडॉर्फ दांपत्य मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. ते गोंडी भाषा शिकले. त्यांना पुढे मुलगा झाला, तेव्हा गोंडांनी त्याला गावच्या पटलाचेच नाव दिले.

गोंडांच्या घरची रीत त्यांनी बारकाईने लिहून ठेवली आहे. अनोळखी गोंड पाहुणा आला की त्याचे कूळ कळावे लागते. चार भाऊ, पाच भाऊ, सहा भाऊ, सात भाऊ अशा चार शाखा, त्यांना सगा म्हणतात. पाहुणा आपल्याच सगाचा असेल तर तो भाऊ, दुसऱ्या सगाचा असेल तर सोयरा. बोलणे, थट्टामस्करी, कार्यातला मान, सगळे त्यावर ठरते. आपल्याकडे गोत्र, देवक विचारतात त्याच्याशी हे किती जुळते पाहा. नवीन धान्य आणि फळ देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हीसुद्धा आपल्या ओळखीची चाल. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे पथक दुसऱ्या गावी जाते, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात. यजमान गाव त्यांना पाहुणे म्हणून उतरवून घेते आणि त्यातून सोयरिकी जुळतात. केस्लापूरच्या नागोबाला मेसराम कुळातल्या नव्या सुनांची भेट होते, पांढऱ्या लुगड्यात चेहरा झाकून. ती भेट झाल्यावरच सून खऱ्या अर्थाने कुळात आली असे मानतात.

इथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. आमची नोकरी बँकेत गेली. १९८० च्या दशकात उटनूर भागात कर्जवसुलीसाठी आम्ही मोटारसायकलवर फिरत असू. एका गोंड गावाच्या शिवेवर काही दगड आणि लाकडी खांब रोवलेले दिसले. सावली होती म्हणून गाडी तिथेच, खांबाला टेकवून लावली. एक म्हातारे गृहस्थ आले. काही बोलले नाहीत. गाडी हळूच ढकलत दुसऱ्या झाडाखाली नेली, मग घरातून तांब्याभर पाणी आणून पाय धुवायला दिले आणि बाज टाकली. आम्ही बाजेवर बसून त्यांना थकीत हप्त्याचे आकडे वाचून दाखवले. ती जागा म्हणजे गावाचा राखणदार देव, अकी पेन, हे आम्हाला फार वर्षांनी हायमेनडॉर्फ साहेबांच्या ग्रंथात वाचून कळले. तोवर ते गृहस्थ गेले होते. माफी मागायची राहून गेली ती राहिलीच.

साहेबांचे मोठेपण असे, की रीती टिपून ते थांबले नाहीत. त्यांच्या शिफारशींवरून गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. यात आपल्या मराठीचाही संबंध येतो. ज्या मोजक्या गोंडांना थोडेफार लिहिता-वाचता येत होते, त्यांना ते मराठीतून आले होते. म्हणून गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत केली गेली. केस्लापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, हा दरबाराचा पायंडाही त्यांच्याच काळात पडला आणि तो आजही चालू आहे. त्याच सुमारास निजामाच्या नोकरीतले आपले मराठी अधिकारी आणि पुढे नामवंत झालेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही गोंडी, कोलामी शिकून या लोकांविषयी लिहीत होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

१९४४-४५ मध्ये हिंदुस्थान सरकारने साहेबांना ईशान्येकडे सुबनसिरी खोऱ्यात पाठवले. तिथे अपातानी लोकांत त्यांनी एक अजब रीत पाहिली. दोन श्रीमंतांचे भांडण झाले की एक जण स्वतःचेच मिथुन, म्हणजे तिकडची मौल्यवान जनावरे, मारतो आणि स्वतःच्याच मौल्यवान वस्तू फोडतो. दुसऱ्याने तेवढेच नुकसान करून दाखवायचे, नाही तर त्याची पत गेली. आम्हा बँकवाल्यांना हे वाचून हसू येते. पण लग्नात कर्ज काढून केलेला खर्च आठवला की हसू आवरते.

१९४५ ते १९४९ ते निजाम सरकारचे आदिवासी विषयाचे सल्लागार होते. १९४९ साली लंडन विद्यापीठात शिकवायला गेले, दोन वर्षांनी प्राध्यापक झाले आणि १९७६ मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात १९५३ पासून नेपाळात शेर्पांकडे त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. शेर्पांच्या घरात बसण्याच्या जागा मानाप्रमाणे ठरलेल्या असतात. यजमान पुन्हा पुन्हा आग्रह करतो आणि पाहुण्याने एकदम हो म्हणायचे नसते. आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रह आठवावा. त्यांच्यात पाप-पुण्याचा हिशेबही बारीक असतो. लहान मुलाला धमकावून रडवणे हेसुद्धा पाप.

या साऱ्याचा ताळेबंद त्यांनी १९६७ च्या एका ग्रंथात मांडला. चेंचूंमध्ये भांडण झाले की माणूस बिऱ्हाड उचलून दुसऱ्या टोळीत जातो, कारण त्याला सोडून जाण्यासारखी शेतीवाडी नसते. गोंड शेतकरी जमीन सोडून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला पंच लागतात. शेर्पा पुण्याच्या हिशेबाने वागतो. प्रत्येक रीत ही तिथल्या जगण्यातून आलेली असते. तिला मागास किंवा पुढारलेली असे गुण देत बसण्याआधी ती कशासाठी आहे हे पाहावे, एवढे त्या ग्रंथातून आम्ही घेतले.

निवृत्तीनंतर १९७६ पासून साहेब आणि बेट्टीबाई पुन्हा आदिलाबादेत आले. जे दिसले त्याने त्यांना दुःख झाले. दिलेले पट्टे पुष्कळ ठिकाणी हातचे गेले होते. नवे रस्ते झाले, आणि त्या रस्त्यांनी व्यापारी, सावकार आणि जमिनीच्या शोधातले शेतकरी आले. १९८१ मध्ये इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, तो आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. १९८२ साली साहेबांनी हे सगळे पुस्तकातून मांडले. त्यात बाहेरून येऊन वसलेल्यांची जी हकिकत आहे, तिच्यात तेलुगू लोक आहेत, तसे मराठीही आहेत. आपल्या मंडळाच्या पानावर हे लिहिताना आम्ही थोडे थांबलो होतो. पण आपले पूर्वज इथे कष्टाने स्थिरावले हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की काहींची शेते पूर्वी कोणाची होती हे आपण घरात विचारत नाही. ज्या घरी आपण पाण्याचा तांब्या घेतला, त्याच घराचा सातबारा आपल्या नावावर कसा आला, हा प्रश्न शिष्टाचारातच येतो असे आम्हाला वाटते.

जानेवारी १९८७ मध्ये बेट्टीबाई हैदराबादला वारल्या. त्यांना मार्लवाईत माती देण्यात आली. साहेब ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये वारले. २०१२ मध्ये त्यांच्या अस्थी मार्लवाईत आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि लंडनला प्राध्यापकी केलेल्या माणसाची शेवटची जागा आपल्या डोंगरातल्या एका गोंड गावात झाली. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्यात घेतले, यापेक्षा मोठी पदवी कोणते विद्यापीठ देणार?

मंडळाला आमची एक सूचना आहे. येत्या जानेवारीत मुले-नातवंडे संक्रांतीला गावी येतील, तेव्हा एक दिवस सगळ्यांनी मिळून मार्लवाईला जावे. जाताना डबे न्यावेत, पण कोणी चहा दिला तर नाही म्हणू नये. शिवेवर दगड आणि खांब दिसले तर चपला काढाव्यात, गाडी लांब लावावी. फोटो विचारून काढावेत. आणि आपल्या मुलांनी जर्मनीसाठी जसे चार जर्मन शब्द पाठ केले, तसे दोन-चार गोंडी शब्दही शिकून घ्यावेत. शंभर-दीडशे वर्षे शेजारी राहूनही आपल्यापैकी किती जणांना ते येतात, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे. आमचा स्वतःचा हिशेब फारसा चांगला नाही.