पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (जन्म : गंगामूळ, २३ एप्रिल १८५८, मृत्यू : केडगाव, ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी व समाजसुधारक होत्या. त्यांचे आरंभीचे सर्व शिक्षण आईवडिलांकडे झाले.

घरचे शिक्षण

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. स्त्रीने देवभाषा शिकणे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. लोकांचा विरोध झाल्याने त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात घर केले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. या प्रवासातच लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकवले. मुलांवर बाहेरचे संस्कार होऊ नयेत म्हणून अनंतशास्त्र्यांनी त्यांना लौकिक शिक्षण दिले नाही. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील वारले, तेव्हा मुलांजवळ उपजीविकेचे अन्य साधन नव्हते.

पुढील कार्य

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापलेल्या शारदासदनात विधवांना स्वावलंबी करणारे शिक्षण दिले जाई.