विश्लेषण : रासबिहारी बोस यांना जपानमध्ये ‘नाकामुरायाचे बोस’ का म्हणतात?

टोकियोच्या शिंजुकु भागातील नाकामुराया या उपाहारगृहात १९२७ पासून ‘इंडियन करी’ मिळते. ती तिथे आणली रासबिहारी बोस यांनी. आपल्याकडे त्यांचे नाव आझाद हिंद सेनेच्या संदर्भात एखाद्या वाक्यापुरते येते. पण आयुष्यातील जवळपास ३० वर्षे त्यांनी परक्या देशात, परक्या भाषेत संसार करत काढली. ती कशी होती?

जपान का गाठावे लागले?

बंगालमध्ये १८८६ मध्ये जन्मलेले बोस डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत कारकून होते. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब फेकला गेला, त्या कटाचे ते सूत्रधार. फेब्रुवारी १९१५ मधील लष्करी उठावाचा बेतही फितुरीमुळे फसला. त्यातील त्यांचे सहकारी, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे मेरठमध्ये पकडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये लाहोरला फासावर गेले. बोस त्याआधीच, मे महिन्यात, रवींद्रनाथांचे नातेवाईक ‘पी. एन. टागोर’ बनून कलकत्त्याहून बोटीत बसले होते.

तिथे आसरा कोणी दिला?

सरकारने नाही. जपान तेव्हा ब्रिटनचा मित्रदेश होता. नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस बोस यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला, मुदत पाच दिवसांची. राष्ट्रवादी नेते तोयामा मित्सुरू यांच्या घरी ते निरोपाला म्हणून गेले आणि मागच्या दाराने नाहीसे झाले. गाडी थेट शिंजुकुतील एका पावाच्या दुकानामागे थांबली. दुकान सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी कोक्को यांचे. दुकानामागे चित्रकारांसाठी बांधलेली खोली होती, तिथे काही महिने बोस लपून राहिले. नोकरांना ठाऊक होते, पण कोणी तोंड उघडले नाही. पुढे हुकूम मागे पडला, तरी ब्रिटिशांचे हेर मागावर होतेच. घरे बदलणे सुरूच राहिले.

संसार कसा झाला?

असा माणूस एकटा फिरला तर लगेच नजरेत भरतो. सोबतीला विश्वासू जपानी माणूस हवा, म्हणून तोयामांनी सोमांच्या थोरल्या मुलीचे, तोशिकोचे, स्थळ सुचवले. तिने विचाराला वेळ घेतला आणि होकार दिला. १९१८ मध्ये लग्न गुपचूप झाले. पतीबरोबर तीही लपतछपत राहिली. मुलगा मासाहिदे आणि मुलगी तेत्सुको झाली. १९२३ मध्ये बोस यांना जपानी नागरिकत्व मिळाले, लपणे संपले. उघड्यावर सुखाने राहण्याचे दिवस मात्र तोशिकोच्या वाट्याला फार आले नाहीत. १९२५ मध्ये ती गेली. डॉ. कोटणीस यांचा चीनमधील संसार चित्रपटामुळे मराठी घराघरांत पोहोचला. तोशिकोचे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

करीचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

जपानमध्ये करी पोहोचली ती ब्रिटिशांमार्फत. मैदा लावून दाट केलेला रस्सा, भातावर ओतलेला. बोस यांना ते पटत नसे. आपल्या देशाचा पदार्थही राज्यकर्त्यांच्या हातून बिघडून जगात जावा, ही सल त्यामागे होती. सासऱ्यांनी दुकानाला जोडून उपाहारगृह काढायचे ठरवले, तेव्हा खऱ्या भारतीय करीचा आग्रह त्यांनीच धरला. वाटलेले मसाले, हाडासकट कोंबडी. गिऱ्हाईक सुरुवातीला वासाने बिचकले. लांब दाण्याचा भात तर त्यांना रुचेना, तेव्हा तांदूळ जपानीच घ्यावा लागला. किंमत ८० सेन, म्हणजे बाजारातील साध्या करीच्या कित्येक पट. तरीही ती खपली.

मग ते जपानी झाले का?

भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की जपानीत व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. भारतीय विद्यार्थ्यांसाठी टोकियोत वसतिगृह चालवले. तरी लोकांत ओळख राहिली ती ‘नाकामुरायाचे बोस’ अशी. कागद बदलले तरी पत्ता सासुरवाडीचाच!

खरी अडचण पुढे आली. आसरा देणारा देश स्वतःच कोरिया, चीनवर राज्य गाजवू पाहत होता आणि बोस यांची सारी भिस्त त्याच्यावर होती. १९४२ मध्ये आग्नेय आशियातील इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा तिथल्या अनेक भारतीयांना ते टोकियोचा माणूस वाटले. पारपत्र जपानी, मुलगा जपानी लष्करात. आझाद हिंद सेनेचे मोहन सिंग यांच्याशी त्याच वर्षी बिनसले. हा संशय पूर्ण अन्यायाचा म्हणता येत नाही, पण एकतर्फी नक्कीच होता. ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरमध्ये त्यांनी सूत्रे सुभाषचंद्रांकडे सोपवली.

तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. काही महिन्यांतच मासाहिदे ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. बोस यांची समाधी टोकियोच्या तामा दफनभूमीत आहे.