एक्सप्लेनर : मुलांना 'देणं' कसं शिकवायचं? साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात काय केलं होतं?

११ जून हा साने गुरुजींचा स्मृतिदिन. त्यानंतर काही दिवसांतच शाळा उघडतात. वरणगावच्या घराघरांत नवं दप्तर, वह्या, कंपास यांची खरेदी सुरू असते. आपल्याला काय मिळालं हे मुलांना लगेच कळतं. आपण दुसऱ्याला काय द्यायचं, हे त्यांना कोण शिकवणार? याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. भुसावळ-जळगावमार्गे सुरत लाइनने गेलं की अमळनेर येतं. तिथल्या शाळेत गुरुजी सहा वर्षं शिक्षक होते.

साने गुरुजी खान्देशात कसे आले?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. घरची स्थिती खालावलेली. शिक्षणासाठी औंध, मग पुणे अशी वणवण झाली. हाताने स्वयंपाक करायचा, कधी अर्धपोटी राहायचं, असे दिवस काढले. १९१७ मध्ये आई गेली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्या शाळेत (आजचं प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

वसतिगृहात त्यांची पद्धत काय होती?

उपदेश कमी, काम जास्त. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः आवरून ठेवत. कंदिलाच्या काचा पुसत, मळलेले कपडे धुऊन टाकत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. हे सगळं गाजावाजा न करता. मुलांना आधी संकोच वाटला, मग तीच मुलं आपली कामं आपण करू लागली. पगारातला बराचसा भाग गरजू विद्यार्थ्यांवर जाई. उपाशीपोटी शिकणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

वाचनाचा यात काय संबंध?

वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. म्हणजे रोज नवा मजकूर, तोही हाताने लिहिलेला. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. जगातल्या चांगल्या गोष्टी इंग्रजी न येणाऱ्या मुलापर्यंत पोचाव्यात, ही धडपड पुढेही राहिली. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'वरून त्यांनी 'मनूबाबा' लिहिलं, तमिळमधलं 'कुरल' मराठीत आणलं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून उभं राहिलं.

'श्यामची आई' भेटवस्तूबद्दल काय सांगते?

९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहून झालं आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एक प्रसंग आहे. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. गणपतीला भर पावसात तो घेऊन घरी येतो. आई आधी कौतुक करत नाही. पैसे कुठून आले, हे विचारते. चोरी नाही, उसनवारी नाही, हे कळल्यावरच तिला भरून येतं.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. श्यामने वडिलांकडून जास्तीचे पैसे मागितले नाहीत, स्वतःचा खाऊ सोडला. आणि भेट कितीही प्रेमाची असली तरी ती सचोटीची आहे का, हे आईने तपासलं. आपण मुलाच्या हाती मित्राच्या वाढदिवसाचं पाकीट देतो तेव्हा यातलं काहीच घडत नाही. पैसे आपले, निवड आपली. मूल फक्त पोचवतं.

पुढे काय झालं?

पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजींनी उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून पुतणी सुधाला सोप्या भाषेत पत्रं लिहिली. गांधीजींच्या हत्येनंतर ते आतून खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. सगळ्यांना आधार देणाऱ्या या माणसाचा हा शेवट मराठी मनाला आजही सलतो.

आज पालक काय करू शकतात?

- भेट मुलाच्या स्वतःच्या वाट्यातून जाऊ द्या. गल्ल्यातले दहा रुपये असले तरी चालतील.
- जुनं पुस्तक देताना मुलालाच ते पुसून, कव्हर घालून देऊ द्या.
- दिल्याचा फोटो स्टेटसवर टाकू नका. गुरुजी कंदील पुसत तेही कुणाला न सांगता.
- 'श्यामची आई'चा कॉपीराइट संपला आहे, पुस्तक मोबाइलवर मोफत मिळतं. त्यात ४२ रात्री आहेत. रोज एक मोठ्याने वाचली तर सहा आठवडे लागतील. मोबाइल मात्र तुमच्या हातात असू द्या आणि मूल शेजारी.