बदकाच्या पिल्लांची आई झालेला शास्त्रज्ञ : कोनराड लोरेन्झ यांची गोष्ट

बदकाची एक-दोन दिवसांची पिल्लं घरी आणली की पहिल्याच रात्री प्रश्न पडतो. खोक्यात दाणा आहे, पाणी आहे, बल्बची ऊब आहे, तरी ही ओरडतात का? माणूस जवळ बसला की गप्प, उठून गेला की पुन्हा सगळा कालवा. चार दिवसांनी तर हीच पिल्लं अंगणभर पायात पायात येतात. हे असं का होतं, याचा शोध घेण्यात ऑस्ट्रियातल्या एका माणसानं आख्खं आयुष्य घातलं. पुढं त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच्या हातून एक मोठी चूकही झाली. त्याचं नाव कोनराड लोरेन्झ.

शेजाऱ्यांनी दिलेलं पिल्लू

लोरेन्झ यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1903 रोजी व्हिएन्ना शहरात झाला. वडील अडॉल्फ लोरेन्झ हे हाडांचे नावाजलेले डॉक्टर. व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग या गावात त्यांचं मोठं घर होतं. नदी, पाणथळ जागा, झाडी. पोराला आणखी काय पाहिजे?

लहानपणी शेजाऱ्यांनी कोनराडला एक दिवसाचं बदकाचं पिल्लू दिलं. ते पिल्लू त्यालाच आई समजून मागं मागं फिरू लागलं. सोबत खेळणाऱ्या ग्रेटल नावाच्या मुलीलाही असंच पिल्लू मिळालं होतं. तेव्हापासून पाणपक्ष्यांचा नाद लागला तो कायमचा. ग्रेटल पुढं डॉक्टर झाली आणि 1927 मध्ये दोघांचं लग्न झालं.

वडिलांच्या इच्छेखातर कोनराड यांनी डॉक्टरकी पूर्ण केली. पण मन पक्ष्यांत. 1933 मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रातही डॉक्टरेट मिळवली. घरात, अंगणात, माडीवर कावळे, बदकं, हंस मोकळे फिरायचे. पिंजऱ्यातला पक्षी खरा वागत नाही, त्याला मोकळं ठेवूनच बघायला पाहिजे, अशी त्यांची पद्धत होती.

गवतात रांगणारा डॉक्टर

अंड्यातून निघालेलं हंसाचं पिल्लू पहिल्यांदा जी हलती वस्तू बघेल तिलाच आई मानतं, हे जर्मनीचे ऑस्कर हाइनरोथ यांनी आधीच नोंदवलं होतं. लोरेन्झ यांनी त्याचा खोलात जाऊन अभ्यास केला आणि 1935 मध्ये मोठा लेख लिहिला. या प्रकाराला इम्प्रिंटिंग म्हणतात. आपण म्हणू, मनावर बसलेला शिक्का.

रानहंसाची पिल्लं त्यांच्या मागं सहज यायची. मॅलर्ड जातीच्या रानबदकांची पिल्लं मात्र त्यांना बघून पळायची. असं का? लोरेन्झ यांना आठवलं, की पाळीव पांढऱ्या बदकीनं उबवलेली मॅलर्डची पिल्लं तिच्यामागं आनंदानं जातात. ती बदकी दिसायला वेगळी, पण तिचा आवाज मॅलर्डसारखाच. म्हणजे या पिल्लांना आईचा आवाज लागतो.

मग त्यांनी नव्यानं निघालेली पिल्लं घेतली आणि स्वतः क्वॅक क्वॅक करत राहिले. पिल्लं आली मागं! पण उभं राहिलं की पिल्लं रडायची आणि क्षणभर गप्प बसलं तरी रडायची. त्यामुळं हा दाढीवाला डॉक्टर बागेत बसून, रांगत, सतत ओरडत फिरू लागला. एकदा कुंपणाबाहेर फिरायला आलेले लोक जमले. उंच गवतात पिल्लं दिसेनात, दिसला फक्त रांगत ओरडणारा माणूस. त्यांचे चेहरे भीतीनं पांढरे पडले.

हा शिक्का बसायची वेळ फार थोडी असते. पुढं अमेरिकेत एकहार्ड हेस यांनी लाकडी बदक फिरवून प्रयोग केले. मॅलर्डच्या पिल्लांवर शिक्का सगळ्यात पक्का बसतो तो जन्मानंतर 13 ते 16 तासांत, असं त्यांना दिसलं.

न पुसणारा डाग

ही गोष्ट इथंच संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया घेतला आणि त्याच वर्षी लोरेन्झ नाझी पक्षात गेले. पाळीव जनावरांत रानटी जातींचे गुण कमी होतात, हे निरीक्षण त्यांनी माणसांना लावलं आणि वंशशुद्धीच्या विचाराला बळ देणारे लेख लिहिले. 1940 मध्ये त्यांना कोनिग्सबर्गला प्राध्यापकपद मिळालं.

हॉलंडचे निको टिनबर्गन हे त्यांचे जिवलग मित्र. 1937 मध्ये ते आल्टेनबर्गला येऊन राहिले होते, दोघांनी मिळून हंसांवर काम केलं. युद्धात त्याच टिनबर्गन यांना जर्मनांनी ओलीस म्हणून छावणीत डांबलं. इकडं लोरेन्झ 1944 मध्ये रशियाच्या हाती सापडले आणि 1948 पर्यंत कैदेत राहिले.

युद्धानंतर टिनबर्गन यांनी मैत्री पुन्हा जोडली. 1973 मध्ये लोरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. लोरेन्झ यांनी त्या लेखांबद्दल नंतर खेद व्यक्त केला, पण अनेकांना तो पुरेसा वाटला नाही. साल्झबर्ग विद्यापीठानं तर 2015 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर 26 वर्षांनी, त्यांची मानद पदवी काढून घेतली.

म्हातारपणी ते डॅन्यूबच्या काठी परतले. हाइनबुर्ग इथल्या पाणथळ जंगलात वीजप्रकल्प होणार होता, त्याविरुद्धच्या लोकचळवळीला त्यांनी आपलं नाव दिलं. प्रकल्प थांबला. 27 फेब्रुवारी 1989 रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या अंगणातली पिल्लं

आपल्याकडची बहुतेक गावठी बदकं मूळ मॅलर्डच्याच वंशातली. त्यामुळं लोरेन्झ यांनी बघितलेलं आपल्या खोक्यातही दिसतं.

एकटं पिल्लू ओरडतं ते दर वेळी भुकेनं नाही, सोबत नाही म्हणून. एकच आणू नका, दोन-तीन आणा. सगळी एकमेकांना चिकटून ओरडत असतील तर ऊब कमी पडते, बल्बपासून लांब पळत असतील तर जास्त होते. जवळ जाताना वरून झडप घालून उचलू नका, खाली बसा, हळू आवाज द्या. दाण्याशेजारी पाणी कायम ठेवा, भांडं उथळ असावं पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी. आई सोबत नसताना लहान पिल्लांना हौदात सोडू नका. त्यांची लव भिजते, ती गारठून मरतात.

ओढ्याकाठी रानबदकाची पिल्लं दिसली तर मात्र घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यांची आई बहुतेक वेळा जवळच लपलेली असते.

पिल्लानं एकदा आई मानलं की ते आपल्याला सोडत नाही. म्हणून चार दिवसांची हौस म्हणून पोरांच्या हातात पिल्लू देण्याआधी, पुढं त्याला कोण सांभाळणार ते घरात ठरवून घ्या.