कान्होजी आंग्रे चाचे होते की आरमारप्रमुख? दंतकथा काय, इतिहास काय? जाणून घ्या

रत्नागिरी : मांडवीच्या किनाऱ्यावरून रत्नदुर्ग किल्ला दिसतो. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं मंदिर, खाली अरबी समुद्र. १८व्या शतकात हा किल्ला आंग्र्यांच्या ताब्यात होता. या घराण्याचं आरमार नावारूपाला आणलं ते कान्होजी आंग्रे यांनी.

समुद्र म्हटलं की दंतकथा आल्याच

पॉलिनेशियात टांगारोआ हा समुद्राचा देव मानतात, तर माउई हा करामती वीर गळ टाकून समुद्रातून बेटं वर काढतो. आपल्याकडे परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी मिळवली, असं सांगतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ आजही अर्पण होतो.

कान्होजींभोवतीही असंच वलय आहे. लहानपणी झोपेत असताना नागाने त्यांच्यावर फणा धरला, अशी आख्यायिका आहे. इंग्रजांनी मात्र त्यांना समुद्रावरचा लुटारू ठरवलं.

सरखेल कसे झाले?

कान्होजींचे वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीला होते. गडावरचा धनी शत्रूला फितूर होतोय हे दिसताच तरुण कान्होजींनी किल्ला वाचवला, असं परंपरा सांगते. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्यानंतर मराठा आरमार त्यांच्या हाती आलं. ‘सरखेल’ हा किताबही मिळाला. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या बाजूला आले.

मग ‘चाचे’ का म्हटलं गेलं?

वादाचं मूळ दस्तकात होतं. दस्तक म्हणजे समुद्रातून जाण्याचा परवाना. पोर्तुगीज आधीपासून असे परवाने देत आणि परवाना नसलेली जहाजं पकडत. कान्होजींनी हाच नियम आपल्या किनाऱ्यावर लावला. इंग्रजांना तो मान्य नव्हता. शिवाय इंग्रजी निशाणाखाली देशी व्यापाऱ्यांचा माल जाई. त्याला सूट द्यायची का, यावर खटके उडत.

नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं. या लढाईत एक इंग्रज अधिकारी ठार झाला. त्याच्या पत्नीच्या सुटकेसाठी कंपनीने ३० हजार रुपये मोजले. १७१३ मध्ये तह झाला, पण तो टिकला नाही.

इंग्रज हरले कसे?

इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर, तर १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर चालून आले. एकही मोहीम यशस्वी झाली नाही. कुलाब्याला तर बाजीराव मदतीला धावले आणि पोर्तुगिजांनी वेगळा तह केला.

यात चमत्कार नव्हता. मराठ्यांची गुरबं आणि गलबतं उथळ पाण्यात चालत, खाडीत शिरत. वारा पडला की मोठी जहाजं अडकत; गलबतं वल्ह्यांवर पुढे जात आणि तोफा कमी असलेल्या पिछाडीवर हल्ला करत. किनारा, वारा आणि भरती-ओहोटीची जाण हीच खरी ताकद होती.

पुढे काय झालं?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांची समाधी अलिबागला आहे. १९५१ मध्ये मुंबईतल्या नौदल तळाचं डलहौसी हे नाव बदलून ‘आयएनएस आंग्रे’ करण्यात आलं. इंग्रजांनी ज्यांना चाचे म्हटलं, त्यांचंच नाव आज भारतीय नौदलाच्या तळावर आहे.