केसरबाई ऐकायच्या तर सुरुवात कुठून?

मैत्रिणींनो, बोईसरच्या आमच्या महिला मंडळात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही पंधरा-वीसजणी जमतो. पालघर, चिंचणी, तारापूर, सातपाटी अशा आसपासच्या गावांहून बायका येतात. बचत गटाचे हिशेब, पापडांच्या ऑर्डरी, कुणाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी हे सगळं आटोपलं की शेवटचा एक तास आमचा स्वतःचा. त्या तासात आम्ही गाणं ऐकतो. नाट्यगीतं ऐकून झाली, भावगीतं झाली. मग एकीनं सुरश्री केसरबाई केरकरांचं नाव काढलं आणि गाडी तिथंच अडली. ऐकायचं तर सुरुवात कुठून करायची, यावरच तासभर वाद!

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका रीतसर गाणं शिकलेल्या. त्यांचं म्हणणं, रागांच्या वेळा पाळून ऐका. पहाटे ललत, सकाळी तोडी, रात्री मालकंस. यावर सगळ्या हसल्या. पहाटे चारला मंडळात आलो तर घरी पाणी कोण भरणार? एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी करणारी आमच्यातली सर्वांत धाकटी, तिनं भैरवी सुचवली. ओळखीचे सूर, लगेच कानात बसतील. तर शिक्षिकाबाई म्हणाल्या, भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. पानात पहिल्यांदा ताकभात वाढतात का? मला वाटत होतं की आधी बाईंची गोष्ट सांगावी, मग गाणं लावावं. शेवटी त्या दिवशी गोष्टच झाली. तीच आज तुम्हाला सांगते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य. देवळांच्या सेवेत गाणंबजावणं करणाऱ्या कलावंत समाजातलं हे घराणं. या समाजातल्या मुलींना गाणं मिळे, पण मान मिळत नसे. लोक त्यांचं गाणं ऐकायला यायचे आणि त्याच बायकांना घरातल्या समारंभात शेजारी बसवून घ्यायला कचरायचे. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजतं.

आठ वर्षांची पोर गाणं शिकायला कोल्हापूरला गेली. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठेक महिने तालीम मिळाली. मग परत गोवा आणि रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला आई आणि मामासोबत मुंबई गाठली. तिथं सितारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. गुरू मोठे, पण शिक्षण तुटक तुटक. कधी गुरू गाव सोडून जायचे, कधी दुसरंच काही आड यायचं. याच काळात मुंबईच्या एका मैफलीत त्यांचं गाणं जमलं नाही, लोकांनी दाद दिली नाही आणि तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला, असं सांगतात.

विचार करा, तिशीला आलेली बाई. नाव झालेलं. तिच्या जागी आपण असतो तर आहे त्यावर भागवलं असतं, हो ना? केसरबाईंनी १९२१मध्ये पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचा गंडा बांधला. खाँसाहेब सहजासहजी तयार नव्हते. गुरुदक्षिणेच्या, वर्षानुवर्षं शिकण्याच्या अशा जड अटी होत्या. बाईंनी त्या मान्य केल्या. रोज तासन्‌तास तालीम, एकेक पलटा गळ्यावर चढेपर्यंत तोच. सुमारे दहा वर्षांच्या मेहनतीनंतर, १९३०च्या आसपास त्या पुन्हा मैफली करू लागल्या. तरी शिकणं थांबलं नाही. १९४६मध्ये खाँसाहेब गेले, तोवर चालू होतं. म्हणजे पंचवीस वर्षं एका गुरूकडे! आपल्याला सहा महिन्यांचा शिवणाचा क्लास पुरा करताना नाकी नऊ येतात.

पुढे त्यांचं गाणं देशभर गाजलं. कोलकात्यात रवींद्रनाथ ठाकूरांनी त्यांचं गाणं ऐकून कौतुक केलं. १९४८मध्ये त्याच शहरातल्या संगीतप्रेमींनी त्यांना 'सुरश्री' ही पदवी दिली. १९५३मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवलं. मैफलीत त्यांचा दरारा असायचा. आपली बिदागी त्या स्वतः ठरवत आणि ती कमी करत नसत. श्रोत्यांत कुजबुज चाललेली त्यांना खपत नसे.

इथं आमच्या सातपाटीच्या मावशींनी मान डोलावली. त्या आयुष्यभर पापलेट विकत आल्यात. पहिल्याच गिऱ्हाइकापुढे भाव पाडला की दिवसभर तोच भाव राहतो, असा त्यांचा अनुभव. आमच्या गटातल्या पापडवाल्या जराशा वरमल्या. आम्ही दरवेळी ओळखीपाळखीत दहा रुपये सोडतो आणि मग महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही!

पण खरा वाद पुढेच होता. एवढी मोठी गायिका, तिचं ध्वनिमुद्रण किती असावं? फार थोडं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अर्धा-पाऊण तास फुलणारा राग त्यात कोंबायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. पुढे लांब तबकड्या आल्या, तरी त्यांचा हात आखडताच राहिला. आपलं गाणं कुठल्याही पानाच्या टपरीवर वाजावं हे त्यांना मंजूर नव्हतं, असंही सांगतात. साठच्या दशकाच्या मध्याला गळा शाबूत असतानाच त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. शिकवलंही जवळजवळ कुणाला नाही. धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) या एकट्या शिष्येला त्यांनी मनापासून विद्या दिली.

हे ऐकून आमची कारखान्यातली मुलगी चिडलीच. पंचवीस वर्षं गुरूकडून घेतलं आणि पुढच्यांसाठी कुलूप लावून ठेवलं, हा आपमतलबीपणा नाही का? तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. आज आपल्याला केसरबाई ऐकायच्या तर जुन्या तबकड्या आणि मैफलींची थोडी ध्वनिमुद्रणं, एवढ्यावरच भागवावं लागतं. पुढच्या पिढीच्या किती मुलींना त्यांच्याकडून शिकता आलं असतं!

उत्तर आलं ते माझ्या सासूबाईंकडून. वय ८२. त्या मंडळात सहसा बोलत नाहीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वाती वळतात. त्या दिवशी म्हणाल्या, लहानपणी त्यांचा गळा चांगला होता. घराजवळ एक मास्तर शिकवायला येत. पण वडिलांनी चार धडे झाल्यावर बंद केलं. गाणारी बाई हा शब्दच त्या काळी घरात शिवीसारखा वापरायचे. ज्यांनी तो शब्द जन्मभर झेलला, त्यांनी आपलं गाणं कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवलं, तर बाकीच्यांनी रागावू नये. तो हक्क तरी त्यांचा राहू द्या. एवढं बोलून त्या पुन्हा वातींकडे वळल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली माझ्या, मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आता या गोष्टीतला सगळ्यात नवलाचा भाग. १९७७मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. न जाणो, कुठं कुणी भेटलंच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तीत जगभरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. कार्ल सेगन यांच्या गटानं ते निवडले. भारताचा तुकडा एकच, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकानं ती सुचवली होती. पण तबकडी मिळता मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या! त्याच तबकडीवर ५५ भाषांत नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे.

पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ला केसरबाई मुंबईत वारल्या. पुढे ऑगस्ट २०१२मध्ये एका यानानं आणि नोव्हेंबर २०१८मध्ये दुसऱ्यानं सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. टपरीवर वाजायला नको असलेली ती भैरवी आता तारकांच्या मधल्या पोकळीत चालली आहे.

मग आम्ही ऐकलं काय? शेवटी भैरवीच. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून लावली. पहिल्यांदा नुसती खरखर, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. दोघीतिघी हसल्या. दुसऱ्यांदा लावली तेव्हा खरखरीच्या मागचा आवाज पुढे आला. मोकळा, भरदार 'आ'कार, कुठं आडपडदा नाही. तिसऱ्यांदा शिक्षिकाबाईंनी ताल धरायला सांगितला, तेव्हा कळलं की तान संपते कुठं आणि श्वास घेतात कुठं ते सापडतच नाही. सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली होती. गाणं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि खरखर जरा कमी करता येत नाही का, असं विचारलं.

त्यानंतर चार महिने झाले, आमची वाट अशी ठरली आहे. तुम्हालाही करून बघता येईल. पहिल्या महिन्यात फक्त भैरवी, पण दर वेळी लागोपाठ तीनदा. मग दुर्गा. सूर पाचच, त्यामुळे नवख्या कानाला रस्ता सापडतो. त्यानंतर मालकंस आणि तोडी. हे राग आपण नाट्यपदांत, अभंगांत नकळत ऐकलेले असतात, म्हणून ओळख पटकन लागते. ललत ज्यांना पहाटे जाग येते त्यांनी घरीच ऐकावा, पाणी भरता भरता! नटकामोद, ललितागौरी, कुकुभ बिलावल हे अनवट राग सगळ्यात शेवटी. नटकामोद म्हणजे नट आणि कामोद यांची जोड, ललितागौरीत ललत आणि गौरी एकत्र येतात. आधी सुटे रंग ओळखीचे झाले की मिसळलेला रंग कळतो. पुढे जायचं असेल तर याच घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर ऐका. एकाच गुरूच्या विहिरीचं पाणी, पण प्रत्येकीच्या घड्यात वेगळं लागतं.

एक नियम मात्र पाळा. लावून ठेवून भाजी निवडू नका. साडेतीन मिनिटंच आहेत. तेवढा वेळ हातातलं खाली ठेवा.

आमचा तो वाद अजून मिटलेला नाही. कारखान्यातली मुलगी अजून म्हणते की बाईंनी चारजणींना तरी शिकवायला हवं होतं. सासूबाई अजून ऐकून घेत नाहीत. पण गेल्या शनिवारी मंडळातून परतताना रिक्षात त्यांनी हळूच मला विचारलं की पालघरला गाणं शिकवणारं कुणी माझ्या माहितीत आहे का. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाल्या, तुझ्या मुलीसाठी, अजून कुणासाठी! मुलीला विचारून झालंय, ती तयार आहे. आता सासूबाईंनाही विचारायचं मी ठरवलंय.